व्हीपीएन लावला की पिंग उतरतो का?

आमच्या कन्नमवार नगरात जिन्यात, गिरणीवर, गणपतीच्या मंडपात, कुठेही गाठ पडली की ऑनलाइन गेम खेळणारी मुलं मला एकच विचारतात, "ताई, व्हीपीएन घेतला तर पिंग उतरेल का?" मी चौदा वर्षं नेटवर्कच्या कामात आहे हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. हल्ली त्यांच्या आयाही विचारतात, कारण वर्षाचे पैसे त्यांनाच भरायचे असतात. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढते.

विक्रोळीत बसून मुंबईच्या सर्व्हरवर खेळत असाल, तर जवळजवळ नेहमीच उत्तर नाही असंच आहे. पिंग उतरणार नाही, उलट थोडा चढेल.

पिंग म्हणजे तुमच्याकडून निघालेलं पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पुडकं, गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. सिंगापूर इथून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. तिथला पिंग ३९ मिलिसेकंदांच्या खाली कुणीही आणू शकत नाही, कितीही पैसे मोजा. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत यंत्रं असतात, म्हणून प्रत्यक्षात साठच्या आसपास दिसतो. व्हीपीएन तुमचं पॅकेट आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेतो, मग तिथून गेमच्या सर्व्हरकडे सोडतो. अंतर कमी करणं त्याच्या हातात नाही. रस्ता बदलणं तेवढं आहे.

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २, या दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. घरापासून सर्व्हर काही किलोमीटरवर असताना रस्ता बदलून काय मिळवणार?

आणि इथे एक गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इननं, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून टाकले. एक्स्प्रेसव्हीपीएननं तेव्हाच जाहीर केलं होतं की यादीत भारत दिसेल, पण ते सर्व्हर असतील सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये. अशा ठिकाणी 'इंडिया' निवडून मुंबईच्या सर्व्हरवर खेळलात, तर तुमची प्रत्येक गोळी सिंगापूरला जाऊन परत मुंबईत येते. म्हणून घेण्याआधी सर्व्हर खरोखर कुठे ठेवलाय ते विचारा.

मग रात्री ९ नंतर पिंग ८ वरून १२० वर का उडतो? दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं हेच दुखणं होतं. व्हीपीएनसाठी आईकडे हट्ट चालला होता, शेवटी तिनंच मला बोलावलं. मी लॅपटॉप घेऊन त्याच्या खोलीत बसले आणि गेमच्या सर्व्हरला हात न लावता आधी त्यांच्याच राउटरला पिंग लावला. राउटर भिंतीपलीकडे, चार पावलांवर. उत्तर १-२ मिलिसेकंदांत यायला हवं. येत होतं कधी ३, कधी ९०, मधेच एखादं येतच नव्हतं. म्हणजे पॅकेट घराबाहेर पडायच्या आधीच अडकत होतं. घराच्या आतली अडचण व्हीपीएन कुठून सोडवणार?

राउटर लोखंडी कपाटावर, मागे भिंत. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्या खोलीतून मला शेजारपाजारची चाळीसेक नेटवर्क्स दिसत होती. सगळी रात्री जेवणानंतर एकदम जागी होणारी. त्यात बहिणीच्या फोनचा फोटो बॅकअप चालू. बॅकअपनं अपलोड भरून टाकला की राउटरमध्ये रांग लागते आणि गेमचं एवढंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. स्पीड टेस्ट तरीही १०० एमबीपीएस दाखवते, म्हणून सगळे फसतात. स्पीड म्हणजे नळाची जाडी. पाणी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचलं, हे त्यावरून कळत नाही.

दाराच्या चौकटीवरून पंधरा मीटरची लॅन केबल ओढली, बॅकअपची वेळ पहाटेवर टाकली. रात्री दहाला पिंग ७, आणि ७ वरच टिकून. त्या मुलाचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं. गेममध्ये हरताना तो स्वतःलाच दोष देत आला होता, आपलाच हात मंद आहे असं समजून.

आता जिथे व्हीपीएन कामी येतो ते सांगते, कारण येतो हेही खरं. भांडुपला एका मित्राच्या घरी केबल, राउटर सगळं चोख, तरी मुंबईच्या सर्व्हरवर पिंग ६६. ट्रेसर्ट, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड, चालवला तर त्याच्या इंटरनेटवाल्यानं पॅकेट सिंगापूरला पाठवलेलं, तिथून ते परत मुंबईत. अशा चुका होतात. दोन कंपन्यांमधली देवाणघेवाण कुठे होते त्यावर रस्ता ठरतो, नकाशावर नाही. मुंबईतच भाड्यानं घेतलेल्या एका सर्व्हरवर मी त्याला वायरगार्ड हा व्हीपीएन लावून दिला. पिंग ९ वर आला. पण तो तात्पुरता इलाज होता. ट्रेसर्टचा फोटो जोडून त्यानं तक्रार केली, तीन आठवड्यांनी रस्ता दुरुस्त झाला आणि वायरगार्ड आम्ही काढून टाकला.

दूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांनाही कधी उपयोग होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या इंटरनेट केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला जोडलेल्या. अशा दिवसांत युरोपकडे जाणारे रस्ते लांबतात, गर्दी होते आणि वेगळ्या केबलवरून जाणारा व्हीपीएन बरा ठरू शकतो. डोंबिवलीची माणसं बसायला जागा मिळावी म्हणून आधी कल्याणला जातात ना, तसंच. वेळ वाचेलच असं नाही, पण प्रवास स्थिर होतो. गेममध्ये सतत ७० असणारा पिंग चालतो, हाताला त्याची सवय होते. ४० आणि १५० मध्ये नाचणारा चालत नाही.

फुकटचा व्हीपीएन मात्र लावूच नका. एकेका सर्व्हरवर कितीतरी माणसं कोंबलेली असतात, आणि तुमची माहिती कुणाच्या हाती जाते ते कळत नाही.

तेव्हा पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी करा. राउटरला पाच मिनिटं पिंग लावून ठेवा. ते ठीक असेल तर गेमच्या सर्व्हरपर्यंतचा ट्रेसर्ट काढा आणि मला पाठवा, मी बघून सांगते. फक्त दुपारचा नको, रात्री ९ ते ११ मधला काढा.