हायलंड पार्कच्या शाळा चांगल्या आहेत का? तुम्ही विचारलंत म्हणून...

न्यू जर्सीत घर बघणाऱ्या मराठी मंडळींचा फोन आला की हवापाणी झाल्यावर गाडी तिथेच येते: एडिसन गाव एवढं खेटून असताना तुम्ही हायलंड पार्कला का राहिलात, तिथल्या शाळांचं रेटिंग एडिसनच्या जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलसारखं नाही ना? नाहीये. पण त्या आकड्यात काय असतं ते कुणी विचारत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आमचं गाव म्हणजे रॅरिटन नदीपलीकडे न्यू ब्रन्सविक आणि रटगर्स विद्यापीठ, अलीकडे आम्ही, दोन चौरस मैलसुद्धा नाही, २०२०च्या जनगणनेत वस्ती १५ हजारांच्या किंचित वर. शाळेत सगळी मिळून दीड हजाराच्या आसपास मुलं, एडिसनमध्ये १६ हजारांच्या वर. आणि इथे लहान मुलं एका शाळेत, दुसरी ते पाचवी दुसऱ्या शाळेत, मग मिडल, मग हायस्कूल, म्हणजे एका इयत्तेची गावातली सगळी मुलं एकाच बिल्डिंगमध्ये. तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे त्यावर शाळा ठरत नाही. मला विचाराल तर या गावाची सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. प्रोफेसरची मुलगी, रटगर्सला पीएचडी करायला आलेल्या कोरियन बाईचा मुलगा, ज्याचे आईवडील हॉटेलात काम करतात आणि घरी स्पॅनिश बोलतात तो, सगळे एकाच बाकावर. राज्यभर बघितलं तर हे फार कमी ठिकाणी दिसतं, कारण न्यू जर्सीत ६००च्या आसपास डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावोगावचे शाळांचे कारभार, आहेत आणि ज्या गावात राहता तिथल्याच शाळेत जायचं हा नियम, त्यामुळे राज्यात सगळ्या तऱ्हेचे लोक असूनही शाळा मात्र एकेका रंगाच्या, एकेका उत्पन्नाच्या. याच मुद्द्यावर लॅटिनो ॲक्शन नेटवर्क ही संस्था आणि इतरांनी २०१८ मध्ये राज्य सरकारवर खटला भरला.

आता मार्क. तिसरी ते आठवी दर स्प्रिंगला राज्याची परीक्षा असते, पाच लेव्हल, चौथी-पाचवी लेव्हल आली म्हणजे पास समजा. रेटिंगच्या साइट्सवर जो आकडा दिसतो त्यात या परीक्षेचा वाटा मोठा असतो, आणि या परीक्षेत घरचं उत्पन्न आणि आईवडिलांचं शिक्षण इतकं डोकावतं की बऱ्याचदा तो आकडा शाळेचा कमी आणि गावातल्या घरांच्या किमतीचा जास्त वाटतो. त्यात आमच्या इयत्तेत शंभर-सव्वाशे मुलं, म्हणजे एक मूल जवळजवळ एक टक्का. नुकतंच देशात आलेलं मूल पहिल्या वर्षी इंग्रजीच्या पेपरातून सुटतं, गणिताचा मात्र द्यावाच लागतो, तो पेपर स्पॅनिशमध्येही मिळतो, पण घरची भाषा तिसरीच असेल तर मूल गणितात कितीही हुशार असलं तरी शाब्दिक उदाहरणं परक्या भाषेत. अशी चार-पाच मुलं एका वर्षी आली की टक्का खाली, पुढच्या वर्षी वर, आणि व्हॉट्सॅपवर लगेच "शाळा घसरली हो". त्यापेक्षा राज्याच्या रिपोर्टमध्ये ग्रोथचा आकडा बघा, तो मुलाची तुलना आधी त्याच्यासारखेच मार्क असलेल्या राज्यातल्या इतर मुलांशी करतो. शाळेने वर्षभरात काय केलं याचा निदान अंदाज तरी येतो.

पैशाचं मात्र रडगाणं खरं आहे. न्यू जर्सीत २०२४ला सरासरी प्रॉपर्टी टॅक्स १० हजार डॉलर्सच्या वर गेला आणि त्यातला साधारण निम्मा शाळांना जातो, तरी पुरत नाही. शाळांना पैसे वाटायचा राज्याचा २००८चा फॉर्म्युला आहे, त्यात गरीब घरातल्या आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी जास्त पैसे धरतात, कल्पना एकदम रास्त, पण गावाने स्वतः किती भरायचे हे घरांची किंमत आणि लोकांचं उत्पन्न बघून ठरतं. किमती वाढल्या की कागदावर गाव श्रीमंत, आणि आमच्याकडे ना मोठा मॉल ना मोठी कंपनी, सगळा भार घरमालकांवर. बरं, टॅक्स वाढवायला २०१० पासून वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा, थोडेफार अपवाद सोडले तर, आणि शिक्षकांचा हेल्थ इन्शुरन्स काही २ टक्क्यांनी वाढत नाही! कोविडसाठी केंद्राने शाळांना दिलेले पैसे सप्टेंबर २०२४ला संपले, त्यावर नेमलेल्या माणसांचं काय करायचं हा प्रश्न राज्यभर झाला. छोट्या डिस्ट्रिक्टला अजून एक: विशेष गरजा असलेल्या एका मुलाला बाहेरच्या खास शाळेत पाठवावं लागलं तर वर्षाचा खर्च लाख डॉलर्सच्या घरात जाऊ शकतो. तो करायलाच हवा, कायदा आहे आणि माणुसकीही आहे, पण मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये जो खर्च दिसतही नाही तो इथे एका शिक्षकाची जागा खाऊन जातो. म्हणून मी लोकांना सांगते, घर घेण्याआधी ओपन हाऊसला जाता तसं एप्रिलअखेरीच्या शाळेच्या बजेट हिअरिंगला (बजेटवरची जाहीर सभा) जाऊन बसा, संगीताचा तास कापायचा की लायब्ररीचा यावर गाव कसं भांडतं ते बघा, रेटिंगपेक्षा जास्त कळेल.

सगळ्यांनी इथेच या असं मात्र मी म्हणणार नाही. तुमचं मूल हायस्कूलला असेल आणि त्याला ढीगभर एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) घ्यायचे असतील तर छोट्या शाळेत एका विषयाचा एकच वर्ग निघतो, तो ऑर्केस्ट्राच्या वेळेत आला की काहीतरी एक सोडा. एडिसनला हा त्रास कमी. आणि आठवीत असेल तर आमच्या मिडलसेक्स काउंटीच्या मॅग्नेट शाळांना (विज्ञान, आरोग्य अशा खास विषयांच्या हायस्कूलना) अर्ज करता येतो, त्या काउंटीतल्या कुठल्याही गावच्या मुलांना खुल्या आहेत, एक एडिसनलाच आहे, एक वुडब्रिजला. तुम्हाला फी नाही. ती तुमच्या गावाचं डिस्ट्रिक्ट भरतं, त्याच बजेटमधून.