हेलन अ‍ॅलिंगहॅमच्या गावी: आधी चित्रं, मग घरं

हेलन अ‍ॅलिंगहॅम या खेड्यातली जुनी घरं रंगवणाऱ्या इंग्लिश चित्रकर्तीच्या मागावर इंग्लंडमधल्या सरे परगण्यात जायचं असेल, तर आधी लंडनमधलं हॅम्पस्टेड गाठा. तिथल्या बर्ग हाऊस या संग्रहालयात तिच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. पण जलरंग उजेडाने उडतात, त्यामुळे एका वेळी थोडीच चित्रं भिंतीवर असतात. काय लावलंय आणि कोणत्या दिवशी उघडं आहे, हे विचारूनच निघा.

चित्र अगदी जवळून बघा. कुंपणाशी उभ्या बाईच्या एप्रनवरचं ऊन पांढरा रंग थापून आणलेलं नाही. वाळलेला रंग चाकूने खरवडून, कुठे स्पंजने उचलून खालचा कागद वर काढलाय. आपण चूक झाली की खरवडतो. हेलन त्यातून फुलं काढते.

जन्म 1848चा. डॉक्टर वडील घटसर्पाने लवकर गेले. रॉयल अ‍ॅकॅडमीच्या कलाशाळेत शिकताना आणि नंतरही ‘ग्राफिक’सारख्या साप्ताहिकांसाठी चित्रं काढून ती कमावत होती. 1874 मध्ये कवी विल्यम अ‍ॅलिंगहॅमशी लग्न झालं, 1881 मध्ये बिऱ्हाड सरेतल्या सँडहिल्सला आलं. 1890 मध्ये रॉयल वॉटरकलर सोसायटी या जलरंग चित्रकारांच्या संस्थेची पूर्ण सभासद झालेली ती पहिली स्त्री.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून पोर्ट्समथ मार्गावरची गाडी घेऊन विटलीला उतरा, तासाभराचा प्रवास. जलद गाड्या थांबत नाहीत. सँडहिल्स स्टेशनला लागूनच आहे. विटली गाव मात्र बरंच पुढे, तिथल्या चर्चच्या आवारात तिचा शेजारी चित्रकार बर्केट फॉस्टर याची कबर आहे.

हेलनने रंगवलेली, भिंतींवर कौलं टांगलेली घरं इथे अजून दिसतात. तिच्या काळात ती पाडली जात होती, नाहीतर ‘दुरुस्त’ होत होती, म्हणून हेलन घाईने रंगवत सुटली. चित्रं गोडगोड आहेत, गरिबी त्यांत झाकलेली आहे, हा आक्षेप मला पटतो. तरी कौलांच्या ओळी आणि धुराडी खोटी वाटत नाहीत. आता या घरांपुढे महागड्या गाड्या उभ्या असतात. घरं खाजगी आहेत, रस्त्यावरूनच बघा.

आतून बघायचं तर जवळच्या हॅम्बल्डन गावातलं ओकहर्स्ट कॉटेज. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं आहे, पण ठरावीक दिवशीच आणि आधी नोंदणी करून. पायवाटा चिखलाच्या, बूट जाडच घाला. रविवारी रुळांची कामं निघतात, तेव्हा परतीची गाडी आधी तपासा.