उणे ०.९२

अकरावीच्या घटक चाचणीचे पेपर वाटून झाले की वर्गात पाचेक मिनिटं बाजार भरतो. कुणाची बेरीज चुकलेली असते, कुणाचं एखादं पान तपासायचं राहिलेलं असतं, कुणाला नुसताच अर्धा मार्क हवा असतो. एकोणीस वर्षं फिजिक्स शिकवतोय, त्यामुळे या बाजारात कुणाला किती सोडायचं ते आता हातात बसलंय. म्हणून शेवटून दुसऱ्या बाकावरचा पोरगा पेपर घेऊन टेबलापाशी आला, तेव्हा मी मान वर न करताच विचारलं, "बोल, कितवा?"

"तिसरा, सर."

तिसरा प्रश्न तीन मार्कांचा. आडव्या पृष्ठभागावर ५ किलोचा ठोकळा स्थिर आहे, घर्षण गुणांक ०.४, त्याला १५ न्यूटन बलानं आडवं ओढलं तर त्वरण किती? पोरानं आकृती काढली होती. वजन खाली, पृष्ठभागाचा उलटा रेटा म्हणजे अभिलंब प्रतिक्रिया वर, ओढ उजवीकडं, घर्षण डावीकडं, चारही बाण जागच्या जागी. त्याखाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकच वाक्य: ठोकळा हलणार नाही. सूत्र नाही, आकडेमोड नाही. आकृतीचा एक मार्क देऊन मी खालच्या वाक्यावर लाल फुली मारली होती.

"अरे, गणित सोडवायचं असतं. असं एक वाक्य लिहून भागतं का?"

"पण सर, उत्तर काय होतं?"

"उणे ०.९२."

तो जरा वेळ पेपरकडं बघत उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे सर, पुढं वढल्यावर ठोकळा माघारी जाणार व्हय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

झालं होतं ते असं. हे गणित माझ्याकडं कित्येक वर्षांपासून आहे. मूळ गणितात ओढ ४० न्यूटनची. तिथं काही अडचण नाही: ठोकळा सुटतो, पुढं जातो, त्वरण येतं. पण बारावीची पोरं जुने पेपर अकरावीच्या पोरांना देतात, म्हणून दरवर्षी मी आकडे बदलतो. यंदा ४० चे १५ केले. आणि उत्तरपत्रिका तयार करताना रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि भरले आकडे. ५ गुणिले ९.८ म्हणजे ४९. त्याचे ०.४ पट, १९.६. पंधरातून १९.६ गेले, उणे ४.६. भागिले ५, उणे ०.९२. पुढं कंसात मीच लिहून ठेवलं होतं, 'ऋण चिन्ह म्हणजे मंदन'. स्थिर ठोकळ्याला कसलं आलंय मंदन? जो चालतच नाही तो मंदावणार कुठून? हे एकोणीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

बाहत्तर पोरांच्या वर्गात पन्नासावर पोरांनी उणे ०.९२ हेच लिहिलं होतं आणि मी प्रत्येकाला तीनपैकी तीन दिले होते. काहींना उणे चिन्ह खटकलं असावं, त्यांनी ते गुपचूप खोडून नुसतं ०.९२ ठेवलं होतं. त्यांचा अर्धा मार्क मी कापला. 'हलणार नाही' म्हणणारे चौघेच. चौघांनाही फुली.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो 'बघतो नंतर' म्हणून त्याला वाटेला लावावं हाच. तास संपायला अर्धा तास होता. पण तो जाईना. उद्धटपणा नव्हता त्याच्यात, खरंच कळून घ्यायचं होतं. आणि एव्हाना पुढच्या बाकांवर कुजबुज सुरू झालीच होती. मग मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "चला सगळे लॅबमध्ये."

आमच्या लॅबमध्ये घर्षणाचा प्रयोग दरवर्षी होतो. लाकडी ठोकळा, दोरी, कप्पी, पारडं आणि वजनं. पोरं जर्नलमध्ये मागच्या वर्षीची वाचनं उतरवतात आणि आम्ही सही करतो. तो प्रयोग मला त्या दिवशी काढायचा नव्हता. लॅबचे मामा बाहेर गुलाबाच्या आळ्याला पाणी घालत होते. आळ्याभोवती विटा लावलेल्या होत्या. म्हटलं, मामा, दोन विटा द्या. मामांनी विटा धुवून, पुसून आणल्या. वीट कडप्प्याच्या टेबलावर ठेवली, तिला सुतळी गुंडाळली आणि सुतळीला ताणकाटा अडकवला. आधी विटेचं वजन केलं: २.८ किलो.

ओढायला त्याच पोराला सांगितलं. वाचनं एका मुलीनं मोठ्यानं सांगायची.

"अर्धा." वीट जागेवर.

"एक." जागेवर.

"दीड." जागेवर. कुणीतरी मागून म्हणालं, "चिकटली काय?"

"एक सहा... एक सात..." आणि वीट खसकन पुढं सरकली. काटा १.७ वरून पटकन खाली आला आणि वीट सरकत राहिली तोवर १.४ च्या आसपास थरथरत राहिला.

"परत," मी म्हटलं. परत केलं. तीनदा केलं. सुटताना १.७ च्या थोडं मागं-पुढं आणि सुटल्यावर दर वेळी कमी.

आता मी विचारलं, काटा एकवर होता तेव्हा घर्षण किती होतं? वर्गातला पहिला नंबर पटकन म्हणाला, "म्यू एन, सर, १.७." म्हणजे घर्षण गुणांक गुणिले अभिलंब प्रतिक्रिया. मग वीट मागं का गेली नाही? एक ओढतोय पुढं, १.७ ओढतंय मागं. गप्प. तेव्हा ओढणाऱ्या त्या पोरानं जे सांगितलं ते मला पुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त आवडलं. म्हणाला, "घर्षण आपणहून कुणाला ढकलत नाही, सर. आपण जेवढं वढू तेवढंच ते धरून ठेवतं. अर्ध्याला अर्धा, एकाला एक. त्याची ऐपत संपली की सुटतं."

ऐपत! आमच्याकडं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली बरीच पोरं अकरावीला सायन्सला आली की एकदम इंग्रजीत पडतात. लिमिटिंग फ्रिक्शन, स्टॅटिक, कायनेटिक असे शब्द पाठ होतात, पण लिमिट म्हणजे कशाचं लिमिट ते कुणी विचारत नाही. म्यू एन हे सूत्र घर्षणाची ऐपत सांगतं, ते या क्षणी किती लागलंय ते सांगत नाही. ठोकळा थांबलेला असताना घर्षण किती हे ओढणाऱ्यावरून ठरतं. म्हणून गणित हातात आल्यावर आधी ऐपत काढायची आणि ओढ तिच्यापेक्षा जास्त आहे का एवढं बघायचं. कमी असेल तर त्वरण शून्य, गणित तिथंच संपलं. माझ्या प्रश्नात ऐपत १९.६ आणि ओढ १५. घर्षण १५ न्यूटन, ठोकळा जागेवर. मीच हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. आकडे बदलताना मात्र ते हातातून निसटलं.

विटेवर दुसरी वीट ठेवली. काटा ३.३ च्या पुढं गेल्यावर सुटली. दुप्पट वजन, जवळजवळ दुप्पट ऐपत. इथं कुणी वाद घातला नाही. वाद झाला तो वीट उभी केल्यावर. मी विचारलं, आता पातळ बाजूवर उभी केली, टेबलाला टेकलेला भाग कमी झाला, किती लागेल? सगळ्या वर्गानं एका आवाजात सांगितलं, "कमी!" ओढली तर पुन्हा १.७ च्या आसपास. एकदा १.८ सुद्धा आली.

त्यांना हे पटेना, आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. १६९९ साली गियोम आमोंताँ या फ्रेंच माणसानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत हेच मांडलं तेव्हा तिथल्या विद्वानांनाही ते पचलं नव्हतं, त्यांनी प्रयोग पुन्हा तपासून घेतले. त्याच्या दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीनं आपल्या वह्यांत ते टिपून ठेवलं होतं, पण त्या वह्या वाचणार कोण? वीट आडवी असो की उभी, ती खरी टेकते ती बारीकबारीक उंचवट्यांच्या टोकांवर. उभी केली की टेकायला जागा कमी, पण तेवढ्याच जागेवर सगळा भार, त्यामुळे टोकं जास्त दाबली जातात. हिशोब तिथल्या तिथं फिटतो.

वजनही किलोत आणि ओढही किलोतच वाचलेली, त्यामुळे ९.८ नं गुणायचीसुद्धा गरज नव्हती. १.७ भागिले २.८, म्हणजे घर्षण गुणांक ०.६१. तेवढ्यात मामांना हुरूप आला. ते मागच्या खोलीतून कडप्प्याची उरलेली फळी घेऊन आले. त्यावर वीट ठेवून एक बाजू हळूहळू उचलत गेले. एका पोरानं पट्टी धरली. वीट घसरली तेव्हा उंची ३१ सेंटीमीटर आणि पाया ५१. घसरते त्या क्षणी उंची भागिले पाया म्हणजेही गुणांकच. भागाकार केला, पुन्हा ०.६१! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं, एवढं जुळलं ते नशीब म्हणा, परत करा. दुसऱ्यांदा २९ लाच घसरली, पाया ५२, गुणांक आला ०.५६. खरं सांगायचं तर मला हे दुसरं वाचन जास्त आवडलं, कारण पहिल्या आकड्यावर पोरं विश्वास टाकून मोकळी झाली असती.

घंटा झाली. पुढचा तास केमिस्ट्रीचा होता. केमिस्ट्रीच्या सरांना मी दारातूनच हात जोडले, ते हसून परत गेले. कारण त्या पोराचं अजून संपलं नव्हतं.

"सर, आणि एक. पुस्तकात लिहिलंय, घर्षण गतीच्या विरुद्ध दिशेला असतं. मग आमच्या ट्रॅक्टरला पुढं कोण ढकलतं?"

ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. त्याचे वडील कारखान्यावर ऊस वाहतात, ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या. मी त्याच्या हातात खडू दिला. त्यानं मागचं मोठं चाक काढलं आणि चाकाच्या तळाशी बाण काढला, पुढच्या दिशेला. वर्ग हसला. मी म्हटलं, हसू नका, चिखलात रुतलेलं चाक माती कुठं उडवतं? मागं. म्हणजे चाकाचा तळ मागं घसरू बघतो. घर्षण त्या घसरण्याच्या विरुद्ध, म्हणजे पुढं. चाक जमिनीला मागं रेटतं, जमीन चाकाला पुढं. ट्रॉलीची चाकं इंजिन फिरवत नाही, ती ओढली जातात. त्यांच्यावर बाण मागं.

मग तोच बोलू लागला आणि मी ऐकू लागलो. म्हणाला, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतात. मला हे माहीत नव्हतं. ट्यूबमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी आणि वर हवा, म्हणजे चाकावर वजन येतं आणि चाक जागेवर फिरत नाही. अभिलंब प्रतिक्रिया वाढवायची म्हणजे काय हे मी आजवर ठोकळ्यावर ठोकळा ठेवून शिकवत होतो! पुढं म्हणाला, "चाक जागेवर फिराय लागलं की पप्पा म्हणतात, रेस दिऊ नको. रेस दिली की आणखीच फिरतं."

मी काटा दाखवला. एक सातला धरलेलं असतं, सुटलं की एक चार. एकदा चाक घसरायला लागलं की मघाचीच पकड कमी झालेली असते, वर रेस दिली तर ते नुसतंच जोरात घसरणार. चिखलाचं गणित विटेइतकं सरळ नसतं, तेही सांगितलं. पण रेस का द्यायची नाही ते वर्गाला कळलं.

मग हिशोबाची वेळ आली. चौघांचे मार्क वाढवले, पैकी तिघांना तीन आणि याला अडीच, कारण का हलणार नाही ते लिहिलं नव्हतं. त्यावर तो काही बोलला नाही. उणे ०.९२ वाल्यांचे कापायचे की ठेवायचे यावर वर्गात पुन्हा बाजार भरला. मी म्हटलं, माझी उत्तरपत्रिका चुकली, म्हणून यंदा ठेवतो, पण वहीत दुरुस्ती केलेली पाहिजे. उणे चिन्ह खोडलेल्यांनी लगेच आपला अर्धा मार्क परत मागितला. तो मी दिला नाही.

वाचनं सांगणारी ती मुलगी जाता जाता दारात थांबली. "सर, मग तुम्हाला किती?"

"आकृती बरोबर होती," मी म्हटलं. "एक."

तिनं फळ्याच्या कोपऱ्यात छोटासा एक लिहिला, खाली रेघ, रेघेखाली तीन. मामांनी विटा उचलल्या आणि सुतळी सोडत विचारलं, "सर, ह्या परत गुलाबाला लावू का ठेवू हितंच?"

"हितंच ठेवा," मी म्हटलं. "बी तुकडीचा तास उद्या आहे. पेपर त्यांनाही तोच दिलाय."