"जाते नाही गं, येते म्हणावं"

टोकियोत निशी-कसाईला राहायला येऊन आता चार वर्षं होतील. सुरुवातीला जपानीचा क्लास लावला तेव्हा रोजचे शब्द नुसते घोकले, त्यांच्या पोटात काय आहे ते बघायला फुरसतच नव्हती. ते दाखवलं समोरच्या दारातल्या आजींनी.

त्यांचा नातू शाळेला निघाला की ओरडतो, "इत्तेकिमास!" आणि आजी आतून म्हणतात, "इत्तेराश्शाय!" एक दिवस सहज फोड करून बघितली, इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. जाऊन येतो! आणि आजींचं उत्तर, जाऊन ये हो. मी दप्तर हातात घेऊन तशीच उभी राहिले, कारण लहानपणी मी घाईत "जाते" म्हटलं की आमची आजी उंबऱ्यातून परत बोलवायची, "जाते नाही गं, येते म्हणावं". तेव्हा कटकट वाटायची, पण ती रोज सकाळी माझ्या परत येण्याची प्रार्थनाच करत होती ना.

मग मी शब्द विचारत सुटले. जेवायच्या आधी म्हणतात ते "इतादाकिमास", म्हणजे मी नम्रपणे घेतो. त्याच्या चित्राक्षराचा अर्थ माथा, डोंगराचा किंवा डोक्याचा. मोठ्यांनी दिलेली वस्तू डोक्याशी नेऊन घ्यायची, त्यावरून हा शब्द आला. आपण प्रसाद कपाळाला लावून घेतो तसंच की! जेवून झाल्यावर "गोचिसोसामा", त्यातल्या चिसोचा मूळ अर्थ धावपळ, पाहुण्याला जेवू घालायला केलेली धावपळ. म्हणजे आभार नुसत्या चवीचे नाहीत, घामाचेही. आणि कशा आहात विचारलं की आजी म्हणतात "ओकागेसामादे", कागे म्हणजे सावली, तुमच्या सावलीमुळे बरी आहे. त्यात देव, पूर्वज, शेजारीपाजारी सगळे आले असं त्या म्हणाल्या. आपल्याकडे "तुमच्या आशीर्वादाने" म्हणतात तेही मी आजवर किती वरवर ऐकलं होतं.

पण मला सगळ्यात भिडलं ते हारी-कुयो, म्हणजे मोडक्या सुयांना निरोप द्यायचा विधी. इकडे 8 फेब्रुवारीला असतं, क्योतोकडे बऱ्याच ठिकाणी 8 डिसेंबरला. आजी मला असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात घेऊन गेल्या, तिथल्या आवारात अवाशिमाचं छोटं देऊळ आहे. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया घेऊन बायका येतात आणि तिथे ठेवलेल्या मोठ्या तोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरसारख्या मऊ वडीत, एकेक सुई खोचून हात जोडतात. आयुष्यभर जाड कापडात घुसून राबली, आता शेवटी तरी मऊ जागा मिळू दे म्हणून. मला एकदम खंडेनवमी आठवली, आईची शिलाई मशीन, तिला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि त्या दिवशी कितीही अर्जंट ब्लाऊज असला तरी आई मशीनला हात लावायची नाही.

मीही एक सुई नेली होती. आईनेच दिलेल्या डबीतली, लेकीची दुपटी शिवताना वाकलेली. ती तोफूत अलगद गेली, अजिबात जोर लागला नाही, आणि मला रडूच आलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मशीनच्या सुया चालतात का गं त्यांना? माझ्याकडे डबीभर आहेत, टाकवत नाहीत."