गाजराची पुंगी

थंडीचे दिवस सुरू झाले की मंडईत लाल, लांबट गाजरांचे ढीग लागतात आणि हलव्यासाठी ती किसून देण्याचे काम आमच्या घरी न सांगता माझ्याकडे येते. प्रत्येक गाजराचा शेवटचा बोटभर तुकडा हातात उरतो. तो किसायला जावे तर बोटेच सोलवटून निघतात, म्हणून तो तोंडात जातो. दाढेखाली त्याचा कडकन आवाज झाला की मला दर वेळी एक ससा आठवतो आणि सशाच्या मागोमाग त्याला आवाज देणारा मेल ब्लँक नावाचा माणूस आठवतो. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असे आपण म्हणतो. ब्लँकची पुंगी जवळजवळ पन्नास वर्षे वाजत राहिली. खाण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती.

1940 साली बग्स बनी हा ससा पडद्यावर नीट आकाराला आला, तो गाजर चघळत, स्वतःच्याच शिकाऱ्याला निवांतपणे 'व्हॉट्स अप, डॉक?' असे विचारत. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांत संवाद आधी ध्वनिमुद्रित होत आणि चित्रे नंतर त्या आवाजाच्या मापाने काढली जात. त्यामुळे सशाने गाजर चावायचे असेल तर आधी ब्लँकने मायक्रोफोनसमोर ते खरोखर चावणे भाग होते. आता कच्चे गाजर चावून गिळायला किती वेळ लागतो हे आपण जाणतो, आणि पुढचे वाक्य तर लगोलग यायचे असे. तेव्हा तो चावायचा, शेजारच्या टोपलीत चोथा थुंकायचा आणि पुढचे वाक्य म्हणायचा. सफरचंदापासून सेलरीपर्यंत इतर पर्याय वापरून झाले, पण गाजराचा कडाका कशालाच येईना. त्यातून कच्चे गाजर त्याला फारसे आवडतही नसे. हा प्रयोग मी एकदा ओट्याशी उभा राहून करून पाहिला. वाक्याचा पहिलाच शब्द बाहेर पडला तो गाजराच्या भुग्यासकट, आणि निम्मा भुगा खव्याच्या वाटीत पडला. त्यावर घरातून जी प्रतिक्रिया आली तिचे ध्वनिमुद्रण झाले नाही हे बरे.

ब्लँकचा जन्म 30 मे 1908 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला आणि बालपण ओरेगॉनमधील पोर्टलंड शहरात गेले. त्याच्या मूळ आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगचे शेवटचे अक्षर वेगळे होते आणि त्याचा अर्थ 'कोरा' असा होई. तू मोठेपणी तुझ्या आडनावासारखाच निघशील, असे एका शिक्षकाने ऐकवल्यावर या मुलाने पुढे ते अक्षरच बदलून टाकले. उच्चारात मात्र काही फरक पडला नाही, आणि आयुष्यभर केवळ कानावर जगलेल्या माणसाने बदल करावा तो नुसत्या कागदावर, याची मला गंमत वाटते. 1933 साली पत्नी एस्टेलबरोबर तो पोर्टलंडच्या रेडिओवर रोजचा विनोदी कार्यक्रम करू लागला. तिथे आणखी नट घ्यायला पैसे मिळत नसत, म्हणून कार्यक्रमातली माणसे हे दोघे आपापल्या गळ्यातून काढत. बहुरूपी होण्यामागे प्रतिभा असतेच, पण मालकाच्या चिकटपणाचाही त्यात थोडा वाटा असतो.

पुढे लॉस एंजेलिसला आल्यावर त्याने लिऑन श्लेसिंगर यांच्या स्टुडिओचे उंबरठे झिजवले. ही कार्टून्स वॉर्नरसाठी तयार करणारे श्लेसिंगरच. तिथला आवाज निवडणारा गृहस्थ दर वेळी 'जागा भरलेल्या आहेत' असे सांगून वाटेला लावी, आणि ब्लँक दोन आठवड्यांनी पुन्हा हजर होई. असे सुमारे दीड वर्ष चालले. अखेर त्या गृहस्थाच्या जागी आलेल्या ट्रेग ब्राउन यांनी ब्लँकचे ऐकून घेतले. पहिले काम मिळाले ते एका दारू प्यायलेल्या बैलाचे.

लगेचच, 1937 मध्ये, पोर्की पिग हे तोतरे डुक्कर त्याच्याकडे आले, आणि त्याची कारागिरी जवळून पाहायची तर ती या डुकरापाशी पाहावी. आधी पोर्कीला जो डोअर्टी नावाचा नट आवाज देत असे. तो प्रत्यक्षातही तोतरा होता, आणि नेमकी तीच अडचण झाली. खरे तोतरेपण काही हुकमी थांबत नाही, त्यामुळे फिल्म वाया जाई. ब्लँक म्हणे डुकरांच्या वाड्यावर जाऊन बसला आणि परत येऊन त्याने सांगितले की डुक्कर बोलू लागले तर ते असेच घुरघुरत बोलेल. त्याने ती घुरघुर शब्दांच्या फटींत बसवली. पोर्की एखाद्या अवघड शब्दावर अडतो, तीनचार धक्के मारतो, शब्द काही हलत नाही, आणि मग तो निमूटपणे तो शब्द सोडून दुसराच सोपा शब्द बोलून मोकळा होतो. डोअर्टीच्या पोर्कीवर हसताना थोडे अपराधी वाटते, ब्लँकच्या पोर्कीवर वाटत नाही, कारण इथे अडखळण्यालाही ताल आहे आणि समेवर कधी यायचे हे डुकराला पक्के ठाऊक आहे.

'हजार आवाजांचा माणूस' ही बिरुदावली त्याला कायमची चिकटली, पण मला ती थोडी दिशाभूल करणारी वाटते. हजार आवाज काढणारे नकलाकार गणेशोत्सवाच्या मांडवातही भेटतात. ब्लँकचे डॅफी डक हे बदक आणि सिल्व्हेस्टर हे मांजर नीट ऐकावे. दोघांचा गळा मुळात एकच, बोलताना थुंकी उडवण्याची खोडही एकच. फरक इतकाच की बदकाचे ध्वनिमुद्रण वेग वाढवून वाजवले जाई. आणि तरीही बदकाच्या जागी मांजर बोलले असे कधी वाटत नाही. डॅफीच्या प्रत्येक वाक्यात आपल्यावर अन्याय झाल्याची तक्रार असते, तर सिल्व्हेस्टरच्या वाक्यात अजून न मिळालेल्या घासाची हाव. 1951 च्या 'रॅबिट फायर' या कार्टूनपटात तर कमाल आहे. शिकाऱ्याला फसवण्यासाठी बदक सशाचे सोंग घेते आणि ससा बदकाचे. म्हणजे ब्लँकला सशाचा आवाज काढायचा आहे, पण तो बदकाने काढलेला सशाचा आवाज असायला हवा. आणि क्षणभरात सशाने काढलेला बदकाचा. डोळे मिटून ऐकले तरी सोंग कोणी घेतले आहे ते कळते. याला आवाज बदलणे म्हणून भागत नाही, हा अभिनयच आहे, आणि तोही चेहरा गहाण ठेवून केलेला.

आमच्या पिढीला हे उमगण्याचे कारण थोडे विचित्र आहे. कार्टून नेटवर्क 1995 मध्ये भारतात आले तेव्हा ते इंग्रजीतच बोलत असे, आणि मराठी शाळेतल्या आम्हा मुलांना ते अमेरिकी इंग्रजी ओ की ठो कळत नसे. तरीही कोण कोणाला टोमणा मारतो आहे, कोण थाप मारतो आहे आणि कोणाची जिरली आहे हे आम्हांला आवाजावरून बरोबर समजे.

रेडिओवर जॅक बेनी या विनोदी नटाच्या कार्यक्रमातही त्याने हीच करामत केली. सुरुवातीला त्याचे काम म्हणजे एका पाळीव अस्वलाचे गुरगुरणे. सहा महिने गुरगुरून झाल्यावर त्याने बेनींना सुचवले की मला बोलताही येते. पुढे एका थेट प्रक्षेपणात बेनींच्या जुनाट मॅक्सवेल मोटारीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐन वेळी वाजेना, तेव्हा ब्लँकने मायक्रोफोनपाशी जाऊन खोकत, शिंकत, धापा टाकत ती मोटार स्वतः चालवली. तेव्हापासून मोटारीची भूमिका त्याच्याकडेच राहिली.

त्याच्या बाबतीत एक गोष्ट मला खटकते, आणि ती सांगितली पाहिजे. त्याने श्लेसिंगर यांच्याकडे पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, त्याऐवजी पडद्यावर नाव देण्याचे ठरले. 1940 च्या दशकाच्या मध्यापासून कार्टूनच्या आरंभी आवाजासाठी मेल ब्लँक हे एकच नाव झळकू लागले. ज्याला आवाजामागे राहायचे असते त्याच्यासाठी ही मोठी मिळकत होती, पण तिची किंमत इतरांनी मोजली. एल्मर फड या बावळट शिकाऱ्याचा आवाज वर्षानुवर्षे आर्थर क्यू. ब्रायन यांचा होता, स्त्रियांचे कितीतरी आवाज जून फोरे यांचे होते. त्यांची नावे दिसत नसल्याने प्रेक्षकांनी सगळे श्रेय ब्लँकच्या खात्यावर जमा केले. 'रॅबिट फायर'मधला तो गोंधळलेला शिकारी ब्लँक नव्हेच.

24 जानेवारी 1961 रोजी सनसेट बुलेवार्डवरील एका कुप्रसिद्ध वळणावर त्याच्या गाडीला समोरून येणाऱ्या गाडीने धडक दिली. हाडे जागोजाग मोडली, डोक्याला मार बसला आणि तो सुमारे दोन आठवडे बेशुद्ध राहिला. घरचे हाका मारून थकले. शेवटी डॉक्टरांनी, बहुधा दुसरे काही सुचत नाही म्हणून, 'बग्स बनी, आज कसे वाटते आहे?' असे विचारले, आणि अंथरुणातून क्षीण आवाजात उत्तर आले ते सशाचे. ही हकिगत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला थोडी कल्हई झाली असणारच, तरी ती मला खरी वाटते. आपल्याकडे ग्लानीतल्या माणसाला लहानपणच्या नावाने हाक मारतात. ब्लँकला त्याच्या कामाच्या नावाने मारली, एवढेच.

त्या सुमारास 'फ्लिंटस्टोन्स' ही कार्टून मालिका चालू होती आणि त्यातल्या बार्नी रबल या शेजाऱ्याचा आवाज त्याच्याकडे होता. काही भाग डॉस बटलर या दुसऱ्या आवाजकलाकाराने सांभाळले. नंतर घरी प्लास्टरमध्ये जखडलेल्या ब्लँकच्या पलंगावर मायक्रोफोन टांगण्यात आला, आणि सहकलाकार भोवती जमून आपापली वाक्ये म्हणू लागले. त्या काळातले बार्नीचे हसणे मी मुद्दाम ऐकले. उताणे पडलेल्या माणसाचे आहे असे कुठेही जाणवत नाही.

1988 च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या चित्रपटात ससा, बदक आणि डुक्कर त्यानेच बोलते केले. योसेमिटी सॅम या तापट पात्राचा घसा फाडणारा आरडाओरडा मात्र जो अलास्की या नटाकडे द्यावा लागला, कारण ऐंशीचा गळा तेवढे मागणे पुरवू शकला नाही. 10 जुलै 1989 रोजी तो गेला. हॉलिवूडच्या स्मशानभूमीतील त्याच्या दगडावर कार्टूनच्या शेवटी पोर्की जे म्हणतो, 'दॅट्स ऑल फोक्स', तेच कोरले आहे. पाथरवटाने ते सरळ, एका दमात लिहिले आहे, मधे एकही अडखळण नाही. मी त्याचे छायाचित्र पाहिले तेव्हा वाचताना तीनदा अडखळलो.