दोन महायुद्धांमधले बॅट्समन: यादी कुठवर आलीय

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला पण काम चालूच होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले बेस्ट सहा बॅट्समन निवडायची आपली यादी आता बरीच पुढे सरकलीय. पाच नावं पक्की आहेत, सहाव्यावर खूप डोकं खाजवलं, आणि भारतीयांचं काय करायचं तेही ठरवलंय.

नव्याने आलेल्यांसाठी नियम परत सांगतो. डिसेंबर १९२० ची सिडनी टेस्ट ते ऑगस्ट १९३९ ची ओव्हल टेस्ट, एवढ्यातलंच मोजायचं. म्हणजे इंग्लंडच्या हॉब्जचं १९१४ आधीचं धरायचं नाही, इंग्लंडच्याच हॅमंडचं १९४६ पासूनचं नाही, आणि वेस्ट इंडिजचा हेडली युद्धानंतर ज्या तीन टेस्ट खेळला (त्यातली एक १९४८ ला आपल्या दिल्लीत) त्याही नाहीत. दुसरा नियम म्हणजे नुसत्या अॅव्हरेजवर कोणाला घ्यायचं नाही. त्या काळात पिच झाकायचे नाहीत, पाऊस पडून वर ऊन आलं की पिच असा चिकट व्हायचा की गुड लेंथचा बॉल थेट छातीवर यायचा, आणि दुसरीकडे कोरड्या पिचवर कितीही दिवस चालणाऱ्या टेस्टमध्ये सहाशे रन्स व्हायच्या. दोन्ही एकाच मापाने कसं मोजणार? म्हणून शीटमध्ये प्रत्येकासमोर एक वेगळा कॉलम केलाय, ओल्या पिचवर काय केलं त्याचा. खरं सांगतो, त्या कॉलमनेच ही यादी ठरवली.

ओपनर हॉब्ज आणि सटक्लिफ, ही इंग्लंडचीच जोडी. बऱ्याच जणांनी ऑस्ट्रेलियाच्या पॉन्सफर्डसाठी जोर लावला होता, आणि फर्स्ट क्लासमध्ये ४२९ आणि ४३७ करणारा माणूस हलका नाहीच, १९३४ च्या ओव्हलवर २६६ आणि ब्रॅडमनसोबत ४५१ ची पार्टनरशिप आहे त्याची. पण इंग्लंडचा फास्ट बॉलर लारवूड, त्याच्यासमोर तो अडखळला, १९२८ ला हात मोडून घेतला आणि बॉडीलाईनमध्ये (१९३२-३३ ची सिरीज, जिथे इंग्लंडने ठरवून अंगावर बॉल टाकले) पाठीवर बॉल घेत राहिला. धाडस होतं, रन्स मात्र फारशा आल्या नाहीत.

आता उलट बाजूला इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची ऑगस्ट १९२६ ची ओव्हल टेस्ट बघा. आधीच्या चारही टेस्ट ड्रॉ, अॅशेस या एका मॅचवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंग्लंड बिनबाद ४९, रात्री मुसळधार पाऊस, आणि सकाळी ऊन पडायला लागलं की पिच खवळणार हे सगळ्यांना माहीत. आर्थर रिचर्डसन राउंड द विकेट येऊन ऑफस्पिन टाकतोय, लेग साईडला बॅटजवळ फिल्डरांची रांग, आणि हॉब्ज ओव्हरमागून ओव्हर ते खेळून काढतोय. सैल हाताने बॉल पायाशीच पाडायचा, उगाच बॅट पुढे न्यायची नाही, आणि जो सोडता येतो तो अंगावर घ्यायचा. पहिल्या विकेटला १७२ झाल्या. हॉब्ज १०० वर गेला, सटक्लिफ दिवसाच्या शेवटच्या ओव्हरपर्यंत टिकून १६१. इंग्लंड २८९ रन्सनी जिंकलं. मी तरी या काळातली यापेक्षा भारी ओपनिंग पार्टनरशिप बघितली नाही स्कोअरकार्डवर.

आणि हे एकदाच झालं असंही नाही. १९२८-२९ ला मेलबर्नवर ३३२ चं टार्गेट, पिच पुन्हा चिकट, शंभरी तरी गाठतात का असं लोक म्हणत होते, तर या दोघांनीच १०५ जोडल्या. सटक्लिफ १३५, इंग्लंड तीन विकेटनी जिंकलं. दोघांची टेस्टमधली ओपनिंगची सरासरी ८७ च्या वर आहे, ३८ डावांत १५ शतकी भागीदाऱ्या. हॉब्जसाठी अजून एक मुद्दा, युद्ध संपून टेस्ट परत सुरू झाल्या तेव्हा तो ३८ वर्षांचा होता, आणि शेवटचं टेस्ट शतक ४६ व्या वर्षी. सटक्लिफचं अॅव्हरेज ६०.७३, आणि अख्ख्या टेस्ट करिअरमध्ये ते एकदाही ६० च्या खाली आलं नाही. सटक्लिफला लोक कंटाळवाणा म्हणतात ते मला अजिबात पटत नाही.

तीनवर ब्रॅडमन, यावर वेळ घालवत नाही. १९३० च्या सिरीजमध्ये ९७४, लीड्सला एका दिवसात ३०९, बॉडीलाईनमध्ये सगळी फळी लावूनसुद्धा ५६.५७. ओल्या पिचचा कॉलम त्याचा सगळ्यात कमजोर आहे हे खरं. १९३७ च्या मेलबर्नला त्याने चक्क बॅटिंग ऑर्डर उलटी केली, ओ'रायली आणि फ्लीटवुड-स्मिथ या बॉलरांना ओपनिंगला पाठवलं, पिच वाळल्यावर स्वतः सातव्या नंबरला येऊन २७० मारले. कोणी याला पळवाट म्हणेल, मला त्यात डोकं दिसतं.

चारवर जॉर्ज हेडली. हॅमंडच्या वर. इथे वाद होणार माहितीये पण ऐका. १९३० ते १९३९ मध्ये १९ टेस्ट, १० शतकं, अॅव्हरेज ६६.७२, आणि मागेपुढे आधार देणारं फारसं कोणी नाही, तो गेला की टीम गेली अशी अवस्था. १९३०-३१ ला ऑस्ट्रेलियात त्याच्या लेग स्टंपवर मारा झाला तर त्याने दौऱ्यातच आपला खेळ बदलून ऑन साईड पक्की केली. १९३९ ला लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शतक, तिथे टेस्टमध्ये असं करणारा तो पहिलाच. आणि ओल्या पिचवर तो ब्रॅडमनपेक्षा सरस, हे त्या काळचे लोकही मानायचे.

हॅमंड पाचवर. १९२८-२९ चे ९०५ रन्स आणि १९३८ च्या लॉर्ड्सचे २४०, एवढ्यावरच जागा पक्की. ऑकलंडचे नाबाद ३३६ मी फार धरत नाही, बॉलिंग साधी होती. ओ'रायलीने लेग स्टंपवर त्याला बांधून ठेवलं, वेस्ट इंडिजचा फास्ट बॉलर मार्टिनडेलने हनुवटी फोडली, म्हणून हेडलीच्या खाली.

सहावी जागा. हेंड्रेन, पेंटर, मकार्टनी सगळे चाळले आणि शेवटी इंग्लंडचा लेलंड की ऑस्ट्रेलियाचा मकेब असं उरलं. शतकं लेलंडची जास्त, ऑस्ट्रेलियाविरुद्ध तर तो अजूनच वरचढ, डावखुरा आहे हा वेगळा फायदा. पण मकेबच्या तीन इनिंग्ज ओळीने ठेवा: बॉडीलाईनच्या पहिल्याच टेस्टला सिडनीवर नाबाद १८७, १९३५ ला जोहान्सबर्गला नाबाद १८९ (अंधुक उजेडात फिल्डरांना धोका आहे म्हणून फिल्डिंग कॅप्टननेच खेळ थांबवायचं अपील केलं!), आणि १९३८ ला ट्रेंट ब्रिजवर २३२, जेव्हा ब्रॅडमनने पोरांना बाल्कनीत बोलावून सांगितलं की हे बघून घ्या. तिन्ही वेळा टीम अडचणीत. मी मकेब घेतला.

भारतीयांची आता वेगळी यादी करतोय. सात-आठ टेस्टच मिळालेल्या माणसाला या सहांशी तोलणं अन्यायाचं आहे. सी. के. नायडूंचे १९२६ चे बॉम्बे जिमखान्यावरचे एमसीसीविरुद्धचे १५३, त्यात ११ सिक्सर, टेस्टमध्ये येत नाहीत. त्याच दौऱ्यात प्रा. देवधरांनी १४८ केले, आणि भारताची पहिली टेस्ट झाली तेव्हा ते चाळिशीत, एकही टेस्ट वाट्याला आली नाही. पळवणकर विठ्ठल तर टेस्टच्याही आधीचे. यांच्यासाठी क्वाड्रँग्युलरचे (मुंबईतली धर्मवार संघांची जुनी स्पर्धा) स्कोअर गोळा करणं हाच रस्ता आहे. विजय मर्चंटचं १९३६ चं मँचेस्टरचं ११४ आणि मुश्ताक अलीसोबतची २०३ ची ओपनिंग मात्र मोठ्या यादीच्या पहिल्या राखीव फळीत घातलीय, इंग्लंडकडून खेळलेल्या दुलीपच्या (दुलीपसिंहजी) शेजारी.

पुढचं काम एलबीडब्ल्यूचं. १९३५ पासून ऑफ स्टंपच्या बाहेर पडून आत येणाऱ्या बॉलवरही आऊट द्यायला लागले, त्यामुळे पॅड पुढे करून खेळणाऱ्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे काढावे लागणार. हॅमंड आणि लेलंडपासून सुरू करतोय. लेलंडचा १९३५ नंतरचा कॉलम भारी निघाला तर सहावी जागा परत उघडेन. कोणाकडे त्या सीझनची काउंटी स्कोअरकार्ड नीट लावलेली असतील तर सांगा.