लाल स्वेटर

आज लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये पोरं रणगाड्यांवर खूश, मी मात्र एका लाल अंगोरा स्वेटरपाशी अडकले. अनिता लास्कर-वॉलफिश या ज्यू चेलोवादक बाईंचा. आउशवित्झ आणि बेर्गन-बेल्झन, नाझींच्या या दोन्ही छळछावण्यांत त्यांनी तो कपड्यांच्या आत घातला होता. तिथल्या थंडीत लोकर म्हणजे जीवच! वाचल्या त्या चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवता येत होता म्हणून. आउशवित्झमध्ये कैदी कामाला निघाले की कैदी बायकांच्या वाद्यवृंदाने, त्यात अनिताही, फाटकापाशी मार्च वाजवायचा. आणि कैद्यांवर क्रूर प्रयोग करणारा तो छावणीतला डॉक्टर मेंगेले, त्याला संगीतकार शूमानची 'ट्रॉयमेराय' ही रचना ऐकायची हौस! माझं तर डोकंच सणकलं. १५ एप्रिल १९४५ ला बेल्झनमधून सुटका झाली तेव्हा अनिता एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढे इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापकांपैकी एक झाल्या, चेलो घेऊनच.